सिनेमातली बाई रात्री कुठे झोपते?

(वस्तीपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढून टाकली आहे.)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'अलीकडचे गाजलेले सिनेमे आणि बाई' असा विषय छापला आहे. मी काही समीक्षक नाही. कॅमेरा कुठे लावला, प्रकाश कसा टाकला, यातलं मला फारसं कळत नाही. माझं शिक्षण समाजकार्याचं, आणि गेली काही वर्षं मी एका समुपदेशन केंद्रात बसते. त्यामुळे मी जे बोलणार ते केंद्राच्या खुर्चीतून दिसलेलं आहे. ही माझी स्वतःची मतं आहेत. पटली नाहीत तर भांडायला शेवटी वेळ ठेवलेलाच आहे.

केंद्रात बाई आली की आपण फॉर्म भरतो. नाव, वय, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती, मारहाण कधीपासून, माहेरी कोण आहे. हे सगळं भरून होतं, बाई रडून मोकळी होते, पाणी पिते. मग आपण विचारतो, "आज रात्री कुठे झोपणार?" या प्रश्नाला उत्तर असेल तर पुढचं सगळं शक्य होतं. तक्रार करता येते, वकील गाठता येतो, पोटगीचा अर्ज टाकता येतो. उत्तर नसेल तर बाई सगळं ऐकून घेते, मान डोलावते, "बघते ताई" म्हणते आणि दिवेलागणीला परत त्याच घरी जाते. आपल्याला वाटतं तिच्यात धीर नाही. धीर असतो हो, छप्पर नसतं.

हाच प्रश्न घेऊन मी हल्ली सिनेमा बघते. ही जी बाई पडद्यावर एवढं ठणकावून बोलली, हिनं जे दार धाडकन लावलं, ती आज रात्री कुठे झोपणार आहे? ते घर कुणाच्या नावावर आहे? आणि ती बाहेर पडली तर भाडं कोण भरणार?

'उंबरठा' आणि 'बेघर'

हा प्रश्न नवा नाही. १९८२ साली जब्बार पटेलांचा 'उंबरठा' आला तेव्हा आपल्यातल्या पुष्कळजणी जन्मल्याही नव्हत्या, पण समाजकार्याच्या प्रत्येक वर्गात तो कधी ना कधी दाखवला जातोच. स्मिता पाटील यांनी केलेली सुलभा महाजन घर सोडून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून जाते, तिथल्या सडलेल्या कारभाराशी झगडते, राजीनामा देऊन घरी येते. घरात तोवर तिची जागा दुसऱ्या बाईनं घेतलेली असते. सुलभा पुन्हा बाहेर पडते आणि सिनेमा संपतो तो आगगाडीत.

हा सिनेमा शांता निसळ यांच्या कादंबरीवर बेतलेला आहे आणि त्या कादंबरीचं नाव आहे 'बेघर'. सिनेमाच्या नावात बाईनं ओलांडायची रेघ आली. कादंबरीच्या नावात ती ओलांडल्यानंतरची स्थिती होती. आपण गेली चाळीस वर्षं 'उंबरठा ओलांडणं' हा शब्दप्रयोग भाषणांत मनसोक्त वापरला. 'बेघर' हा शब्द मात्र फारसा वापरला नाही. मला वाटतं, अलीकडच्या ज्या सिनेमांनी मनात घर केलं ते याच दुसऱ्या शब्दाशी भिडणारे आहेत.

टाळ्यांचे सिनेमे

आधी भरपूर चाललेल्या सिनेमांबद्दल बोलू. ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला. सहा बहिणी, त्यांची आपसातली जुनी भांडणं आणि मंगळागौरीची स्पर्धा. वस्तीतल्या, सोसायटीतल्या, भिशीतल्या बायका नऊवारी नेसून, गॉगल लावून, टेम्पो करून तो बघायला गेल्या. चळवळीतल्या काहीजणींनी नाकं मुरडली. मंगळागौर, म्हणजे पुन्हा व्रतवैकल्यं आणि पुन्हा सवाष्णपण, असं म्हटलं गेलं. आक्षेप अगदीच चुकीचा नाही. पण नवऱ्याला, सासऱ्याला, मुलाला 'आज जेवण तुमचं तुम्ही वाढून घ्या' असं सांगून दुपारी तीन तास घराबाहेर पडायला कितीतरी बायकांना तो सिनेमा हे पहिलं सबळ कारण मिळालं. आमच्या वस्तीतली एक मावशी म्हणाली, "लग्नानंतर पहिल्यांदा टॉकीजला गेले बघा, तेही बाप्याशिवाय." एवढ्या आनंदाला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

या सिनेमातल्या बहिणींची दुखणी खरी आहेत. कुणाचं गाणं सासरच्या धाकात राहून गेलं आहे, कुणाचा संसार मोडायला आला आहे. पण त्यांचं औषध मनाच्या पातळीवरच दिलेलं आहे. बहिणी एकत्र आल्या, मोकळं बोलल्या, नाचल्या, बळ आलं. हे बळ महत्त्वाचं आहेच. स्पर्धा संपल्यावर प्रत्येकजण आपापल्या घरी जाते, आणि त्या घराचे कागद कुणाच्या कपाटात आहेत हे सिनेमा विचारत नाही. तसा त्याचा दावाही नाही, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही.

'मिसेस' मात्र ते विचारण्याच्या जवळ जातो. जिओ बेबी यांच्या 'द ग्रेट इंडियन किचन' या २०२१ च्या मल्याळी सिनेमावरून आरती कडव यांनी तो हिंदीत केला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो घरोघरी मोबाइलवर पाहिला गेला. रिचाला सासरी कुणी मारत नाही. सासरा गोड बोलतो, नवरा डॉक्टर आहे. फक्त चटणी मिक्सरमधली चालत नाही, पाट्यावरचीच लागते. फुलके तव्यावरून थेट ताटात पडले पाहिजेत. नाच सोडलेला बरा. सिनेमा बघून आमच्या केंद्रात एकजण म्हणाली, "ताई, हिला मारलं असतं तर बरं झालं असतं, निदान सांगता तरी आलं असतं." या वाक्यावर आपण एक आख्खं सत्र घेऊ शकतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं भावनिक आणि आर्थिक छळालाही हिंसा म्हटलं आहे, हे आपण पत्रकात छापतो. ते बाईच्या गळी उतरवायला असा एक सिनेमा दहा पत्रकांचं काम करतो.

शेवटी रिचा घाणेरडं पाणी पुरुषांच्या पुढ्यात ठेवते आणि निघते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मी पण वाजवल्या. रिचा जाते माहेरी, आणि नंतर ती नृत्य शिकवताना दिसते. म्हणजे तिला रात्री झोपायला माहेर आहे, अंगात विकता येण्याजोगी कला आहे. नवऱ्याच्या स्वयंपाकघरात दुसरी बायको येऊन उभी राहते आणि तेच चक्र सुरू होतं, हे सिनेमानं निर्भीडपणे दाखवलं आहे. पण त्या दुसरीला जर माहेर नसेल तर? तिचा सिनेमा अजून कुणी काढलेला नाही. आपल्याकडे येणाऱ्या बहुतेकजणी त्या दुसरीसारख्या असतात.

एक अभिनेत्री, तीन छपरं

आता ज्यांच्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे त्या सिनेमांकडे येते. छाया कदम या आपल्या मराठी अभिनेत्रीच्या तीन भूमिका शेजारी शेजारी ठेवून पाहा.

पहिली 'सैराट'मधली, २०१६ सालची. आर्ची आणि परशा पळून हैदराबादला पोचतात. रस्त्यावर गुंडांच्या तावडीतून त्यांना सोडवते ती सुमनअक्का. झोपडपट्टीत राहणारी, डोसे विकून पोट भरणारी, मुलासोबत एकटी राहणारी बाई. ती त्यांना राहायला खोपट देते. 'सैराट'ची गाणी सगळ्यांना पाठ आहेत, त्यातली मारहाण आणि शेवट सगळ्यांच्या अंगावर येतो, पण त्या दोघांचं प्रेम संसारापर्यंत पोचलं ते अक्कानं दिलेल्या पत्र्याच्या छपरामुळे, हे आपण विसरतो. आंतरजातीय लग्नं करणाऱ्या किती मुलामुलींना आपल्या कार्यकर्त्यांनी पहिले आठ दिवस घरी ठेवलं आहे, हे इथे बसलेल्यांना माहीत आहे. आणि छप्पर मिळालं म्हणजे जीव वाचला असं नाही, हेही 'सैराट'नंच सांगितलं. जात माणसाला त्याच्या स्वतःच्या घरात येऊन मारते. तेव्हा माझा प्रश्न सगळ्या प्रश्नांचं उत्तर आहे असा माझा दावा नाही.

दुसरी भूमिका 'लापता लेडीज'मधली मंजू माई. किरण राव यांचा हा सिनेमा १ मार्च २०२४ ला लागला, पुढे ऑस्करसाठी भारतानं पाठवला आणि २०२५ च्या फिल्मफेअरमध्ये त्यानं तेरा पारितोषिकं घेतली. छाया कदम यांना सहायक अभिनेत्रीचं मिळालं. गोष्ट २००१ सालातली. आगगाडीच्या डब्यात घुंगटातल्या दोन नवऱ्या मुलींची अदलाबदल होते. फूल कुठल्याशा स्टेशनवर एकटी पडते. तिला सासरच्या गावाचं नाव धड माहीत नाही आणि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. स्टेशनवर चहाचं दुकान चालवणारी मंजू माई तिला आसरा देते. माईनं नवऱ्याला आणि मुलाला घराबाहेर काढलं आहे. तिच्या कमाईवर जगत होते आणि तिलाच मारत होते म्हणून.

हा सिनेमा आम्ही वस्तीच्या समाजमंदिरात भिंतीवर पांढरी चादर लावून दाखवला. बायका खूप हसल्या. नंतरच्या चर्चेत मी तयारीनं विचारलं, घुंगटाबद्दल काय वाटलं, शिक्षणाबद्दल काय वाटलं. मागून एक आजी म्हणाली, "ते सगळं असू दे. त्या चहावालीचं घर तिच्या नावावर होतं का? म्हणून तर तिला नवऱ्याला काढता आलं." सगळ्या गप्प झाल्या. मग एकेक सुरू झाली. माझं घर सासऱ्याच्या नावावर. आमचं भाड्याचं, पण भाडेकरार दिराच्या नावाचा. आमचं लाइटबिल अजून मूळ मालकाच्या नावानं येतं. त्या दुपारी दीड तास आम्ही घराच्या कागदांवर बोललो. सिनेमानं हे मुद्दाम सांगितलं नव्हतं, पण मंजू माईचं पात्र इतकं खरं लिहिलं आणि वठवलं आहे की बायकांनी ते त्यातून काढून घेतलं. चांगल्या सिनेमाची माझी व्याख्या एवढीच.

दुसरी नवरी जया. तिला देहरादूनला जाऊन सेंद्रिय शेतीचं शिक्षण घ्यायचं आहे. तिचं पुढे ठीक होईल असं आपल्याला वाटतं, कारण तिला जायला ठिकाण आहे. पण तिची सुटका होते ती लाच खाणाऱ्या फौजदाराला शेवटी पाझर फुटतो म्हणून. इथे मात्र मला हसू येत नाही. चौकीत बाईला घेऊन आपण किती वेळा गेलो आहोत! 'घरचा मामला आहे, मिटवून घ्या', फार तर अदखलपात्र नोंद, आणि तिची प्रत मागितली की 'उद्या या'. फौजदाराला पाझर फुटण्यावर ज्या बाईचं आयुष्य अवलंबून आहे ती सुटलेली नाही, तिचं नशीब त्या दिवशी बरं होतं इतकंच.

तिसरी भूमिका पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'मधली पार्वती. मे २०२४ मध्ये या सिनेमाला कानच्या महोत्सवात ग्रां प्री मिळालं. तीस वर्षांनी भारतीय सिनेमा तिथल्या मुख्य स्पर्धेत गेला होता. दोन मल्याळी नर्सा, प्रभा आणि अनू, मुंबईत एका खोलीत राहतात. पार्वती त्यांच्याच हॉस्पिटलात स्वयंपाकाला आहे. ती विधवा आहे, रत्नागिरीकडची आहे, आणि ज्या घरात वर्षानुवर्षं राहिली ते बिल्डर पाडायला निघाला आहे. नवरा गेला, आणि ती तिथे राहत होती हे सिद्ध करणारा एकही कागद तिच्यापाशी नाही. प्रभा तिला वकिलाकडे नेते. वकील तरी काय करणार!

ही गोष्ट आपल्या मुंबईची आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढे गिरण्या गेल्या, जमिनींवर टॉवर आले. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची आणि कामगारांची नावं आहेत. पण त्या वर्षांत ज्यांनी खानावळी चालवून, पापड लाटून, धुणीभांडी करून घरं तगवली त्या बायकांचं नाव भाडेपावतीवर नव्हतं. घर तगवलं तिनं आणि कागदावर राहणारा तो. पार्वती ही त्या बायकांपैकीच एक. रात्री ती आणि प्रभा बिल्डरच्या झगमगत्या जाहिरातफलकावर दगड मारतात. तेवढंच त्यांच्या हाती आहे. मग ती गाठोडं बांधून कोकणातल्या घरी जाते, आणि दोघी मैत्रिणी सामान उचलायला सोबत येतात. वकील हरला, शहर हरलं, पण सामान उचलायला दोघीजणी आल्या. आपलं संघटनेचं काम यापेक्षा फार वेगळं नसतं.

प्रभाचा नवरा जर्मनीत आहे, फोन करत नाही. एक दिवस पार्सलनं भाताचा कुकर येतो. टाकलेली बाई म्हणजे फक्त खेड्यातली, नवऱ्यानं दुसरी केलेली, असं आपल्याला वाटतं. इथे पगारदार नर्स टाकलेली आहे. घटस्फोट नाही, विधवा नाही, संसार नाही. भाडं ती भरते, कधी अनूचंही भरते. तिला छप्पर आहे, पण दुसऱ्या माणसाचा विचार मनात आणायचीही सोय नाही. आणि अनूचा मित्र शियाझ मुसलमान आहे, म्हणून त्या दोघांना मुंबईसारख्या शहरात बसायला चार भिंती मिळत नाहीत. छपराचा प्रश्न जातीधर्माशी कसा जोडलेला असतो ते या सिनेमात एकही भाषण न करता कळतं.

पारितोषिकं कोण देतं

सप्टेंबर २०२४ मध्ये फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाच्या समितीनं ऑस्करसाठी 'लापता लेडीज' निवडला. समितीत तेरा जण होते, तेराही पुरुष. त्यांच्या निवेदनात भारतीय बाई म्हणजे नमतेपणा आणि वरचढपणा यांचं विचित्र मिश्रण असल्याचं वर्णन होतं. आणि 'ऑल वी इमॅजिन'बद्दल, भारतात घडणारा युरोपी सिनेमा बघतोय असं समितीला वाटल्याचं फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं, ते छापून आलं. चाळीतली विधवा, कागद नाहीत म्हणून कोकणात परत जाणारी, ही यांना युरोपी वाटली! दोन्ही सिनेमे बायकांनी काढलेले, दोन्ही मला आवडलेले. त्यांच्यात झुंज लावण्यात मला रस नाही. पण बाईचं कुठलं दुःख 'भारतीय' आणि कुठलं नाही हे तेरा पुरुषांनी ठरवावं याला माझा आक्षेप आहे. शेवटी 'लापता लेडीज' पंधराच्या यादीतही आला नाही.

त्या यादीत आला तो ब्रिटननं पाठवलेला हिंदी सिनेमा, संध्या सुरी यांचा 'संतोष'. मी तो परदेशी बहिणीकडे गेले असताना पाहिला. २०२५ साली आपल्याकडे सेन्सॉरनं त्याचा चित्रपटगृहांतला रस्ता अडवला. संतोष ही हवालदाराची विधवा. नवरा मेल्यावर सरकारी क्वार्टर जाणार, सासरचे ठेवून घेणार नाहीत. म्हणून ती अनुकंपा तत्त्वावर नवऱ्याच्या जागी पोलिसात लागते. छपरासाठी वर्दी घालते. मग एका दलित मुलीच्या खुनाचा तपास येतो, एका मुसलमान मुलाला उचलून आणतात, आणि कोठडीत त्याला मारताना संतोषचाही हात असतो. बाईला नोकरी मिळाली, घर मिळालं, पण ज्या यंत्रणेनं ते दिलं तिनं आपली किंमत वसूल केली. 'महिला सक्षमीकरण' या शब्दावर असा प्रश्न विचारणारा दुसरा सिनेमा मी अलीकडे पाहिलेला नाही. तो आपल्या पोलिस भगिनींना दाखवता आला असता तर किती बरं झालं असतं!

दुसरीकडे 'अॅनिमल'. १ डिसेंबर २०२३ ला आलेल्या या सिनेमात नायक एका बाईला आपला बूट चाटायला सांगतो, आणि थिएटरात शिट्ट्या वाजतात. त्याच्यावर कुणी बंदी घालावी असं मी म्हणत नाही. पण नायकाला फिल्मफेअरचं उत्तम अभिनेत्याचं पारितोषिक आणि पार्श्वसंगीताला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि 'संतोष' मात्र दाखवायला धोकादायक ठरला, हे दोन्ही शेजारी ठेवून वाचावं. आमच्या किशोर गटातली मुलं 'अॅनिमल'मधली वाक्यं पाठ म्हणतात. त्यांना रागावून उपयोग नाही. मी त्यांना विचारलं, त्या नायकाचं एवढं मोठं घर कुणी मिळवलं? बापानं. ते झाडतं कोण? पुढचा अर्धा तास मुलं विचारात पडली होती.

ऑस्करसाठी पुढच्या वर्षी भारतानं नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' पाठवला आणि तो पंधराच्या यादीपर्यंत पोचला. गोष्ट दोन मित्रांची, एक दलित, एक मुसलमान. पण मला दिसली ती चंदनची आई. शाळेत पोषण आहार शिजवते आणि तिच्या हातचं नको म्हणून सवर्ण पालक तिला काढायला लावतात. पक्कं घर बांधायचं म्हणून मुलगा सुरतेला राबायला जातो. घराचं स्वप्न आईचं, त्यासाठी शिक्षण सुटलेलं बहिणीचं. आणि आपल्या रोहन कानवडे यांचा मराठी 'साबर बोंडं', ज्याला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात मोठं पारितोषिक मिळालं, त्यातल्या आईला आपल्या मुलाचं मन पुरुषात गुंतलं आहे हे ठाऊक आहे. बापाच्या दहा दिवसांच्या सुतकात नातेवाईक लग्नाचा तगादा लावतात तेव्हा ती मुलाच्या बाजूनं उभी राहते. घर ही माणसाला लपायची नव्हे, राहायची जागा कशी होते ते तिच्याकडून शिकावं.

मग आपण काय करायचं?

मला एक मैत्रीण म्हणाली, "तू सिनेमाची केसपेपरसारखी चिरफाड करतेस. कलाकृतीकडून सातबारा कसला मागतेस?" तिचं म्हणणं मी समजू शकते. सिनेमानं प्रश्न सोडवावा असं माझं म्हणणं नाहीच. प्रश्न आपण सोडवायचा. पण सिनेमा बघून भरून आलेलं मन दोन-तीन दिवस टिकतं. त्या दोन-तीन दिवसांत आपण बाईच्या हाती काय ठेवतो याची जबाबदारी आपली आहे.

या राज्यात बायकांनी आणि चळवळींनी हे काम पूर्वी केलेलं आहे. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं आणि पुढे 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेत नवऱ्यांनी बायकांच्या नावे जमिनीचा तुकडा करून दिला. परित्यक्तांच्या चळवळीनं स्वतंत्र रेशनकार्ड मागितलं, घरासाठी जागा मागितली. ते मागणं भाकरीइतकं साधं होतं.

कायदाही आज काही प्रमाणात आपल्या बाजूचा आहे. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ च्या कलम १७ प्रमाणे एकत्र राहिलेल्या घरात राहण्याचा बाईला हक्क आहे, घर तिच्या नावावर असो वा नसो. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी तिला बाहेर काढू नका असा आदेश देऊ शकतात, किंवा तशीच दुसरी जागा, नाहीतर तिचं भाडं द्यायला लावू शकतात. २००६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सासूच्या मालकीच्या घरात सुनेला हा हक्क नाही असं म्हटलं होतं. २०२० च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी ते चुकीचं ठरवलं. तेव्हा 'घर आमच्या नावावर आहे, चालती हो' असं सासू-सासरे म्हणाले तर तो शेवटचा शब्द नव्हे, एवढं प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ हवं. सखी केंद्रात राहायची सोय मिळते ती फार तर पाच दिवसांची. पाच दिवसांत कुणाचं आयुष्य उभं राहत नाही. म्हणून पाच दिवसांनंतरच्या सोयीची मागणी आपण लावून धरली पाहिजे.

माझी सूचना अगदी साधी आहे. येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटानं एक सिनेमा दाखवावा. कुठलाही चालेल, हसवणारा असला तर उत्तम. येताना प्रत्येकीला घरातले कागद आणायला सांगावेत. रेशनकार्ड, लाइटबिल, घरपट्टीची पावती, गावात नमुना आठ, सातबारा, भाडेकरार, झोपडीचं फोटोपासचं कार्ड, जे सापडेल ते. सापडलं नाही तर 'सापडलं नाही' हेही लिहून आणावं. सिनेमा संपला की चहा, आणि चहानंतर तीन प्रश्न. यातली बाई राहत होती ते घर कुणाचं? ती बाहेर पडली तर पहिली रात्र कुठे काढली असती? आणि तिच्या जागी मी असते तर?

मग कागद उघडायचे. कुठल्या कागदावर आपलं नाव आहे, कुठल्यावर नाही, कुठल्यावर चुकीचं आहे, याची वहीत नोंद करायची. घरकुलाच्या यादीत, पुनर्वसनाच्या यादीत, घरपट्टीच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं लावून घ्यायचे अर्ज तिथेच भरायचे. सगळे मंजूर होणार नाहीत. नवरे चिडतील, काही बायका अर्ज न भरताच उठतील. त्यांना आग्रह करू नका. त्यांना फक्त गटातल्या दोघीजणींचे फोन नंबर द्या, ज्यांच्या घरी रात्री दार वाजवता येईल.

ते नंबर कुणाचे द्यायचे हे आज जेवणाच्या सुट्टीत ठरवू. माझ्या समोरच्या वहीत पान मोकळं ठेवलं आहे. ज्यांच्या घरी एका बाईला आणि तिच्या मुलांना एक रात्र झोपता येईल, आणि घरच्यांना ते चालणार आहे, त्यांनी आपलं नाव लिहावं.